शून्य जागेवर

पलीकडच्या फौंड्रीची भट्टी रात्री लागली
की माझ्या टेबलावरचा आकडा नाचतो.
एक्केचाळीस ग्रॅम सत्तावीस.
एक्केचाळीस त्रेसष्ट.
परत सत्तावीस.
पैंजण तेच, गप पडलेलं पारड्यात.

काटा हुपरीचा, बाबगोंडा मगदुमांचा.
"दोन वर्षं असंच चाललंय, बघा जमलं तर,"
एवढं म्हणून टेम्पो गाठायला गेले.
उद्यमनगरात अशी कामं माझ्याकडंच येतात,
जी लेथवर धरता येत नाहीत.

पुस्तकात ग्राउंड म्हणजे शून्य.
एक आडवी रेघ, खाली आणखी दोन, आखूड होत गेलेल्या,
आणि विषय संपला.
मी रोज बघते ते शून्य
तांब्याच्या पट्टीवरनं चालत घरी जातं
आणि वाटेत दमतं.
पट्टीच्या या टोकाला शून्य,
त्या टोकाला शून्याहून जरासं वर.
जरासंच. पण चांदीचं वजनही
वायरीत जरासंच होऊन येतं.

आधी स्कोप लावला. पडद्यावर काटेरी झुडूप.
तासभर त्या झुडपाशी भांडले
तेव्हा लक्षात आलं, प्रोबची ती लांब काळी शेपटी,
टोकाला चिमटा असलेली,
तीच गल्लीतली सगळी खरखर वेचून आणत होती.
शेपटी काढली. चिमूटभर तार गुंडाळून
टोकापाशीच टेकवली.
अर्धं झुडूप गेलं.
अर्धा गोंगाट माझ्याच हातात होता.

उरलेला काट्याचा.
प्रिंटरच्या केबलची जाळी दोन्ही टोकांना बांधलेली,
म्हणजे जमिनीचाच फास,
आणि फासात भट्टीची गुणगुण, सेकंदाला पन्नास हेलकावे.
जाळीचं एक टोक सोडवलं.
(जीव वाचवणारी हिरवी वायर मात्र तोडायची नाही,
हे शिकलगार मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी
कान धरून सांगितलेलं.)
मागच्या दारी मीठ-कोळशाच्या खड्ड्यात
बादलीभर पाणी ओतलं.
कोरडी पडली की जमीनसुद्धा ऐकेनाशी होते.

चिपच्या पायाशी कपॅसिटर नव्हताच.
टाकी गच्चीवर असली तरी
तहानेच्या वेळी हाताशी तांब्या लागतो.
ठेवला. शंभर नॅनोचा तांब्या,
शेजारी दहा मायक्रोची कळशी.

मूळ दुखणं सापडलं साडेदहाला.
लाल आकड्यांचा डिस्प्ले
आपला खर्च उरकून परत जाताना
वजनाच्याच पट्टीवरनं जायचा,
गुळाचा ट्रक बोळात घालावा तसा,
आणि बोळातल्या घराघरांतली भांडी वाजायची.
ब्लेडनं पट्टी कापली. जाड तार टाकली.
आता सगळ्या वाटा एका बिंदूवर येतात.
त्याच्या अलीकडे कुणी कुणाला भेटत नाही.

पावणेअकराला भट्टी लागली.
एक्केचाळीस पंचेचाळीस.
हात धुतले, चहा केला, प्याले.
पंचेचाळीस.

सकाळी मगदूम आले. मागनं आक्काताई कोगनोळे,
त्यांच्याकडच्या पैंजणांना घुंगरं बसवतात त्या,
दवाखान्यासाठी कोल्हापुरात आलेल्या, सोबत होती म्हणून.
मगदुमांनी पैंजण ठेवलं. काढलं. परत ठेवलं.
टेबलाला हळूच ढोपर लावून पाहिलं.
"हालतच नाही की!"
आवाजात कौतुक होतं
आणि कौतुकाखाली बारीकशी गुणगुण.

आक्काताई काचेवर बोट ठेवून आकडा वाचत होत्या.
"चांदी देताना त्रेसष्ट दिसायचं," त्या म्हणाल्या,
"आणि पैंजण परत घेताना सत्तावीस.
मला वाटायचं, माझ्याच हातनं सांडतंय."

कुणी काही बोललं नाही.
पंखा चालू होता, प्रिंटर चालू होता,
बाहेर कुणीतरी बीड घासत होतं.
मी बिलावर लिहिलं:
शून्य जागेवर आणलं. चारशे रुपये.
मगदुमांनी नोटा दोनदा मोजल्या.